स्वाध्याय वाचतो कोण?

(शिक्षक व विद्यार्थी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत या भाषणाचा विषय ‘दूरशिक्षणातील विद्यार्थ्यांच्या कामाची पडताळणी व प्रत्याभरण’ असा छापलेला आहे. नाव इतके रूक्ष आहे की जेवणानंतरच्या तासाला आपण एवढ्या संख्येने बसून राहिलात याचेच मला प्रथम नवल वाटते. शेतमजुरांचे वेतन, वीजदर, घरांचा प्रश्न हे सारे बाजूला ठेवून विद्यार्थ्याच्या वहीवर लाल शाईने काय लिहिले जाते याची चर्चा पक्षाच्या कार्यकर्त्यांनी का करावी, असे काहींच्या मनात असणारच. हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आधी दिले पाहिजे.

आपल्या राज्यात नोकरी-मजुरी सांभाळून घरबसल्या पदवी मिळविणारा माणूस कोण आहे ते पहा. एस.टी.चा वाहक, अंगणवाडी सेविका, पोलीस शिपाई, लग्नामुळे बारावीतच शिक्षण सुटलेली बाई, औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी कामगार. यांच्यासाठी महाविद्यालयाचे दार कोणी बंद केले होते असे नाही. ते सकाळी सात ते दुपारी बारा या वेळात सताड उघडे असे. त्या वेळात ही माणसे कामावर असत, एवढेच. दूरशिक्षणाने ही अडचण दूर केली. परंतु त्याबरोबर एक नवा डागही त्यांच्या कपाळी आला. मुलाखतीला गेलेल्या उमेदवाराचे प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहणारा साहेब विचारतो, ‘बी.ए. बाहेरून केलंय ना?’ या ‘बाहेरून’ शब्दात सगळा संशय भरलेला आहे. अभ्यास खरोखर केला काय? उत्तरे स्वतः लिहिली काय? त्या वह्या कोणी वाचल्या तरी काय?

हा संशय केवळ मुलाखतीच्या खोलीपुरता राहत नाही. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओरिसा लिफ्ट इरिगेशन कॉर्पोरेशनच्या खटल्यात जो निकाल दिला तो आपल्यापैकी थोड्यांनाच आठवत असेल. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मान्यता न घेता दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित केल्या व त्यांना नव्याने परीक्षा देण्यास सांगितले. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्दच ठरविल्या. यांतले कितीतरी जण पदविका घेऊन नोकरीस लागलेले आणि बढतीच्या आशेने रात्री जागून शिकलेले लोक होते. न्यायालयाच्या तर्काशी माझे भांडण नाही. प्रयोगशाळेत पाऊल न टाकता अभियंता होता येत नाही, हे कोणीही मान्य करील. परंतु शुल्क गोळा केले संस्थांनी, डोळे मिटून घेतले यंत्रणेने, आणि दहा-बारा वर्षांनंतर पुन्हा परीक्षेस बसावे लागले ते कामगाराला. पडताळणी वेळेवर आणि प्रामाणिकपणे झाली नाही म्हणजे तिची किंमत शेवटी कोणाकडून वसूल होते, याचा हा धडा आहे. म्हणून हा विषय आपला आहे.

बाहेरून शिकण्याचा हक्क ही महाराष्ट्रात कोणी वरून दिलेली देणगी नव्हे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन सादर केले त्याचा प्राथमिक शिक्षणाविषयीचा भाग आपण नेहमी उद्धृत करतो. त्याच निवेदनात आणखी एक मागणी आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मुंबई विद्यापीठाने खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्यांना प्रवेश परीक्षेस बसू दिले याबद्दल समाधान व्यक्त करून, हीच सवलत बी.ए., एम.ए. या वरच्या परीक्षांनाही मिळावी असे जोतीरावांनी तेथे मांडले आहे. नाना कारणांनी अनेकांना महाविद्यालयात जाऊन शिकणे अशक्य असते. त्यांचा घरचा अभ्यास विद्यापीठाने मान्य केल्यास देशाचे हित होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८५५ साली पुण्यात श्रमिकांसाठी रात्रीची शाळा चालविणारा माणूस हे बोलत होता, म्हणून त्याला वजन आहे. दिवसभर राबणाऱ्याच्या शिक्षणाची अडचण त्यांनी जवळून पाहिली होती.

तथापि घरी वाचून परीक्षेस बसणे आणि दूरशिक्षण घेणे यांत एक मूलभूत अंतर आहे. खाजगी उमेदवाराला विद्यापीठ फक्त परीक्षेच्या दिवशी भेटते. दूरशिक्षणात शिक्षक वर्षभर सोबत असावा लागतो, मात्र तो समोर नसतो. ही सोबत कशाने टिकते? १८४० साली इंग्लंडात एका पेनीत कोठेही पत्र पाठविण्याची सोय झाली, आणि लघुलिपीचे जनक आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलिपी शिकविण्यास प्रारंभ केला. शिकणाऱ्याने बायबलातील उतारे लघुलिपीत उतरवून पिटमनकडे पाठवावेत आणि त्यांनी ते दुरुस्त करून परत करावेत, अशी ती रीत होती. छापील धडे तर त्याच्या पूर्वीही विकत मिळत होते. पिटमनच्या पद्धतीत नवे होते ते दुरुस्त होऊन परत येणारे कार्ड. दूरशिक्षणाचा जन्मच मुळी या परतीच्या टपालात आहे. धडे पाठवावयाचे आणि उत्तर वाचून परत करावयाचे नाही, तर त्याला पुस्तकविक्री म्हणावे. शिक्षण म्हणू नये.

ही गोष्ट ज्यांनी सर्वांत गंभीरपणे घेतली ते ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ. १९६३ साली मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांनी ग्लासगो येथील भाषणात नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या आधारे चालणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. पुढे त्यांच्या मंत्रिमंडळातील जेनी ली या खाण कामगाराच्या मुलीने ती नेटाने तडीस नेली. १९६९ मध्ये विद्यापीठास सनद मिळाली व जानेवारी १९७१ मध्ये शिक्षण सुरू झाले. प्रवेशासाठी कोणतीही पूर्वपात्रता नाही, आणि पदवीच्या दर्जात तडजोड नाही, असा त्यांचा दुहेरी आग्रह होता. या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत, असे त्या वेळचे पुष्कळ विद्वान म्हणत होते.

त्या नांदल्या कशा, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या निबंधतपासणीची व्यवस्था पाहिली पाहिजे. विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध टपालाने त्याच्या शिक्षकाकडे जाई. शिक्षक समासात व वेगळ्या पत्रकावर सविस्तर अभिप्राय लिही, गुण देई आणि सारे मिल्टन कीन्स येथील मुख्यालयाकडे धाडी. तेथे गुणांची नोंद होऊन निबंध विद्यार्थ्याकडे परत जाई. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मधला टप्पा. तपासून आलेल्या निबंधांतले काही नमुने बाजूला काढून विद्यापीठाचे अनुभवी अध्यापक ते पुन्हा वाचत. गुण योग्य आहेत काय, एवढेच ते पाहत नसत. विद्यार्थ्याला दिलेला अभिप्राय त्याला पुढच्या निबंधासाठी उपयोगी पडेल असा आहे काय, हेही पाहत आणि त्याविषयी त्या शिक्षकाला लिहीत. म्हणजे विद्यार्थ्याच्या कामाची पडताळणी शिक्षक करी आणि शिक्षकाच्या वाचनाची पडताळणी विद्यापीठ करी. वर्षअखेरीस नेमलेल्या केंद्रात समक्ष लेखी परीक्षा असेच, आणि आरंभीच्या काळात पायाभूत विषयांसाठी उन्हाळ्यात आठवडाभर एकत्र राहण्याचे शिबिरही सक्तीचे असे.

या व्यवस्थेत लबाडी अजिबात होत नसेल असे मी म्हणणार नाही. पण एकाच शिक्षकाच्या हातून एकाच विद्यार्थ्याचे वर्षभर निबंध जात असले म्हणजे काय होते, ते आपल्यातील शिक्षक साथींनी मनात आणून पहावे. दुसऱ्या-तिसऱ्या निबंधापर्यंत त्या माणसाची भाषा, त्याचे आवडते शब्द, त्याच्या नेहमीच्या चुका शिक्षकाच्या ओळखीच्या होतात. चौथा निबंध दुसऱ्याच कोणी लिहिलेला असेल तर ते शोधण्यासाठी हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही. जो अभिप्राय विद्यार्थ्याला शिकविण्यासाठी लिहिला जातो, तोच त्याच्या कामाचा पहाराही करतो. पडताळणी आणि प्रत्याभरण या दोन वेगळ्या खात्यांत वाटून दिलेल्या गोष्टी नव्हेत. ती एकच क्रिया आहे, आणि तिचे साधे नाव वाचणे असे आहे.

परतीचा वेग हाही गौण मुद्दा नाही. नॉर्वेतील एन.के.आय. या पत्रद्वारा शिक्षण देणाऱ्या संस्थेत टॉर्स्टाइन रेक्केदाल यांनी एक साधा प्रयोग करून त्याचे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध केले. ज्या विद्यार्थ्यांचे स्वाध्याय लवकर परत गेले त्यांच्यात अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचे प्रमाण इतरांहून लक्षणीय अधिक निघाले. यात आश्चर्य कसले? पत्राला उत्तर आले नाही तर आपणही दुसरे पत्र लिहीत नाही.

आता आपल्याकडे वळू. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. १९८२ मध्ये हैदराबादला देशातले पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. या विद्यापीठांनी जे केले त्याचे मोल कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. नाशिकच्या विद्यापीठाने मराठीतून स्वयं-अध्ययनाची पुस्तके काढली आणि बारावीचे प्रमाणपत्र नसलेल्यांनाही पूर्वतयारी शिक्षणक्रमाच्या वाटेने पदवीपर्यंत जाऊ दिले. ‘समंत्रक’ हा शब्दही विचारपूर्वक निवडलेला आहे. मंत्र देणारा गुरू तेथे अभिप्रेत नाही. विद्यार्थ्याबरोबर बसून सल्लामसलत करणारा माणूस अभिप्रेत आहे.

कागदावरची ही रचना उत्तम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांप्रमाणे सत्रात केलेल्या कामाला जास्तीत जास्त ३० टक्के व अंतिम परीक्षेला किमान ७० टक्के गुण असतात. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश पदवी स्वाध्यायांवर उभी आहे. आणि हे स्वाध्याय प्रत्यक्षात कसे होतात? कोणत्याही अभ्यासकेंद्राशेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन पहावे. तयार उत्तरांचे संच तेथे विषयवार टांगलेले असतात. इंग्रजी-हिंदी माध्यमांसाठी हा माल फोनवर येतो, आणि थोडे अधिक पैसे मोजल्यास उत्तरे हाताने लिहून देणारेही भेटतात. हा सगळा बाजार उघड चालतो, कारण गिऱ्हाईक, दुकानदार आणि तपासणारा या तिघांनाही एक गोष्ट ठाऊक असते: वही कोणी वाचणार नाही.

मी स्वतः काही वर्षे एका तालुक्याच्या गावी समंत्रक म्हणून काम केले आहे. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. इतरत्र फार निराळे असेल असे मला वाटत नाही. एका वर्षी इतिहासाच्या ४१ वह्या माझ्याकडे आल्या. सत्यशोधक समाजाच्या स्थापनेवर प्रश्न होता. समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची. यांपैकी २८ वह्यांत ती १८७५ अशी होती. ते आर्य समाजाच्या स्थापनेचे साल. मार्गदर्शकाच्या छपाईत दोन्ही सालांची सरमिसळ झालेली, आणि तीच चूक २८ निरनिराळ्या हस्ताक्षरांत माझ्यासमोर आलेली. केंद्रावरच्या एका अनुभवी सहकाऱ्याने मला शांतपणे सांगितले, ‘सर, पानं मोजा, गुण भरा, पत्रक पाठवा.’ त्यांना दोष देता येत नाही. एका वहीमागे जे मानधन ठरलेले होते त्यात वही उघडण्याइतकाच वेळ बसत होता.

पुढच्या सत्रात मी त्याच घटकावर निराळा प्रश्न दिला. आपल्या गावातील वा वस्तीतील सार्वजनिक पाणवठा कोणाला केव्हापासून मोकळा झाला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा, असा तो प्रश्न होता. मार्गदर्शकात त्याचे उत्तर असणे शक्यच नव्हते. काही जणांनी वही दिलीच नाही. पण एका अंगणवाडी सेविकेने चार पाने लिहिली. भाषा अडखळती होती, शुद्धलेखन तर विचारूच नये. बहात्तरच्या दुष्काळात गावची विहीर आटली, दलित वस्तीकडच्या विहिरीला पाणी राहिले, आणि सारे गाव तेथे पाण्याला येऊ लागले, हे तिने सासूच्या तोंडून ऐकून लिहिले होते. मी समासात विचारले, ‘मग पुढच्या पावसाळ्यानंतर काय झाले?’ पंधरा दिवसांनी ती आणखी दोन पाने घेऊन आली. पाऊस पडला, गावच्या विहिरीला पाणी आले, आणि सगळे पहिल्यासारखे झाले, असे तिने लिहिले होते. कोणकोणत्या घरांनी तरीही येणे-जाणे ठेवले त्यांची नावेही त्यात होती.

हे लेखन तिचेच आहे काय, अशी शंका घेण्याचा प्रसंगच आला नाही. तिला ओळखपत्र मागावे लागले नाही, कॅमेरा लावावा लागला नाही. समासातल्या एका ओळीने तिला शिकविले आणि त्याच ओळीने तिची पडताळणीही झाली. सत्र संपल्यावर तिने वही परत मागितली. केंद्रावर तिला सांगण्यात आले की वह्या परत देण्याची पद्धत नाही. ठरावीक मुदतीनंतर त्या रद्दीत जातात.

संस्थेने वाचणे सोडले की तिला पोलिस लागतात. गेल्या काही वर्षांत दूरशिक्षणाच्या जगात जे चालले आहे ते नेमके हेच आहे. २०२० च्या साथीत सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घेणे आवश्यक ठरविल्यावर महाराष्ट्रातील विद्यापीठांनी त्या मुख्यतः ऑनलाइन व बहुपर्यायी पद्धतीने उरकल्या. त्या प्रसंगी दुसरा मार्ग कठीण होता, हे मान्य. पण विद्यार्थ्याच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातून त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या कंपन्यांचा माल त्या निमित्ताने जगभर विद्यापीठांच्या दारात आला तो आलाच. परीक्षा देणाऱ्याची मान वळली, घरात दुसरा आवाज झाला, चेहरा नीट दिसला नाही, की यंत्र संशयाची नोंद करते. ज्याला स्वतंत्र खोली, टेबल आणि अखंड वीज आहे तो या यंत्राच्या दृष्टीने प्रामाणिक ठरतो. दहा बाय बाराच्या खोलीत पाच जणांबरोबर राहणाऱ्या आपल्या कंत्राटी कामगाराने काय करावे? काळ्या वर्णाच्या विद्यार्थ्यांचे चेहरेच ओळखता येत नाहीत अशा तक्रारी पाश्चात्त्य देशांत पुढे आल्या. २०२२ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात एका संघीय न्यायाधीशाने, परीक्षेपूर्वी विद्यार्थ्याच्या खोलीचे कॅमेऱ्याने निरीक्षण करणे ही घटनेने मना केलेली झडती आहे, असा निर्णय एका सरकारी विद्यापीठाविरुद्ध दिला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर झेरॉक्सच्या दुकानदारालाही प्रतिस्पर्धी निर्माण झाला आहे. क्षणात निबंध लिहून देणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. त्यावर उतारा म्हणून यंत्रलिखित मजकूर ओळखणारी दुसरी यंत्रे विकली जाऊ लागली. पण चॅटजीपीटी बनविणाऱ्या कंपनीनेच आपले असे ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध अशा यंत्रांनी यंत्रलिखित ठरविले. साधे शब्द, सरळ वाक्ये, मर्यादित शब्दसंग्रह, हाच त्यांचा अपराध! परक्या भाषेत धडपडत लिहिणारा पहिल्या पिढीचा विद्यार्थीच या चाळणीत प्रथम अडकणार.

परीक्षाकेंद्रातील ओळखपत्राच्या तपासणीला आणि समक्ष परीक्षेला माझा विरोध नाही, हे येथे स्पष्ट करतो. तोतया उमेदवार बसविणाऱ्याची गय करावी असे कोणी म्हणत नाही. त्याने सर्वांत मोठे नुकसान प्रामाणिक विद्यार्थ्याचेच केलेले असते. माझा आक्षेप खर्चाच्या क्रमाला आहे. नजर ठेवणाऱ्या यंत्रासाठी पैसा निघतो आणि वाचणाऱ्या माणसासाठी निघत नाही.

प्रत्याभरणाची दुसरीही एक दिशा आहे, ती विद्यार्थ्याकडून संस्थेकडे. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात काही पाठ छापण्यापूर्वी मसुद्याच्या अवस्थेतच विद्यार्थ्यांकडून वाचवून घेत आणि कोठे अडते ते टिपून घेत. आपल्याकडे २०१७ पासून नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांच्या समाधानाचे सर्वेक्षण असते. गोष्ट चांगली आहे. परंतु ‘पूर्ण सहमत’, ‘सहमत’, ‘असहमत’ अशा चौकोनांत खुणा करून घेणे हे मूल्यांकनाच्या वर्षाचे काम होऊन बसते, आणि त्या खुणांमुळे कोणत्या पुस्तकातील कोणते प्रकरण बदलले हे विद्यार्थ्याला कधीच कळत नाही. आमच्या सेविकेला असे पत्रक दिले असते तर तिने सर्व ठिकाणी ‘समाधानी’ अशी खूण केली असती, यात मला शंका नाही. तिचे खरे मत तिने वही परत मागितली तेव्हा दिले. ते नोंदविण्यास त्या पत्रकात चौकोन नव्हता.

या साऱ्याच्या मुळाशी श्रमाचा प्रश्न आहे, आणि येथे आपल्या चळवळीचा थेट संबंध येतो. जर्मनीतील अभ्यासक ओटो पीटर्स यांनी १९६० च्या दशकातच दाखवून दिले होते की दूरशिक्षण हे शिकविण्याचे औद्योगिक रूप आहे. पाठ लिहिणारा निराळा, छापणारा निराळा, तपासणारा निराळा. कारखान्यातील श्रमविभागणीच ती. या रचनेमुळेच लाखोंना स्वस्तात शिकविता येते, हे तिचे सामर्थ्य आहे. पण कारखान्यात ज्याचा मोबदला सर्वांत कमी त्याचे काम सर्वांत आधी हलके होते, हा नियम येथेही लागू पडतो. पाठ एकदा लिहून हजारो प्रती निघतात. वही मात्र प्रत्येकाची निराळी वाचावी लागते. वाचनात प्रती काढण्याची सोय नाही. म्हणून काटकसर सुरू झाली की पहिली कुऱ्हाड समंत्रकावर पडते. तो तासावर, वहीवर, सत्रावर नेमलेला, संघटना नसलेला, पुढच्या वर्षी असेल की नाही याची खात्री नसलेला माणूस आहे. अशा माणसाने प्रत्येक विद्यार्थ्याची भाषा ओळखावी अशी अपेक्षा करणे हे ढोंग आहे. ब्रिटनमध्येसुद्धा हा प्रश्न आपोआप सुटलेला नाही. तेथील मुक्त विद्यापीठाचे सुमारे ४,८०० सहयोगी अध्यापक वर्षानुवर्षे मुदतीच्या करारावर होते. त्यांच्या संघटनेने दीर्घकाळ वाटाघाटी केल्या, आणि २०२१ मध्ये त्यांना कायम करार देण्याचे मान्य झाले.

‘एवढा पैसा कोठून आणावयाचा?’ हा प्रश्न येईल. दूरशिक्षण हे सरकारांच्या हिशेबात पैसे वाचविण्याचे साधन होऊन बसले आहे. नियमित महाविद्यालयातील विद्यार्थ्यासाठी अध्यापकाचा पगार सरकार देते आणि वाहकाच्या, सेविकेच्या शिक्षणाचा भार मुख्यतः तिच्याच शुल्कावर टाकते. ज्याच्याजवळ कमी आहे त्याने आपल्या शिक्षणाचा अधिक वाटा स्वतः उचलावा, ही कोणती समाजनीती? समंत्रकाच्या वाचनाचे मानधन शासनाने अनुदान म्हणून द्यावे, ही मागणी विधानसभेत आणि बाहेर मांडण्यास आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

सरकारकडून पैसे येईपर्यंत काहीच करता येणार नाही, असे मात्र नाही. आपल्या तालुक्यातील अभ्यासकेंद्राची यादी काढा. तेथे शिकणारे कामगार, सेविका, शिपाई आपल्याच संघटनांचे सभासद आहेत. त्यांनी आपल्या वह्या अभिप्रायासह परत मागाव्यात, लेखी अर्ज करून मागाव्यात आणि अर्जाची पोच घ्यावी. तपासलेली उत्तरपत्रिका पाहणे हा विद्यार्थ्याचा माहितीचा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच एका खटल्यात मान्य केलेले आहे. तो निकाल हाताशी ठेवावा. शिक्षक साथींनी स्थानिक प्रश्न घालण्याचा आग्रह धरावा. पाणी, रोजगार हमीची कामे, रेशन दुकान, यांवरचे प्रश्न दुकानात विकत मिळत नाहीत. प्रत्येक स्वाध्यायावर विद्यार्थ्याशी पाच मिनिटे समक्ष वा फोनवर बोलण्याची सोय संपर्कसत्रात करावी. स्वतः लिहिलेल्यावर बोलणे कोणालाही जड जात नाही, आणि विकत घेतलेल्यावर बोलणे फार जड जाते. समंत्रकांची तालुकावार यादी करून त्यांची संघटना बांधण्याचे काम शिक्षक आघाडीने घ्यावे. एका वहीमागे त्यांना काय मिळते आणि ती नीट वाचण्यास किती वेळ लागतो, याचे साधे कोष्टक प्रत्येक केंद्रावरून आले तर पुढील बैठकीत आपल्याजवळ बोलण्यास आधार असेल.

हे कोष्टक कसे भरावयाचे त्याचा नमुना मी आणला आहे. चहाच्या वेळी तो घेऊन जावा.